लढाईनंतरची कॅप्टन

जुलै २००२. राष्ट्रपतिपदाची निवडणूक जाहीर झाली होती. एका बाजूला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम, अग्निबाणांमुळे घराघरांत पोचलेलं नाव. सत्ताधारी आघाडीबरोबर काँग्रेससारख्या विरोधी पक्षाचाही त्यांना पाठिंबा होता. दुसऱ्या बाजूला डाव्या पक्षांनी उभी केलेली सत्त्याऐंशी वर्षांची एक बाई. कापलेले पांढरे केस, सुती साडी, जाड चष्मा. निकाल काय लागणार हे शाळकरी पोरालाही सांगता आलं असतं. बाईंना तर ते नक्कीच ठाऊक होतं. तरी त्या देशभर हिंडल्या, सभा घेतल्या, गरिबीवर आणि धर्माधर्मांतल्या तेढीवर बोलल्या. १८ जुलैला मतमोजणी झाली तेव्हा कलाम यांच्या मतांचं मूल्य ९,२२,८८४ भरलं आणि बाईंच्या मतांचं १,०७,३६६.

या लढतीत एक गंमत दडलेली होती, ती फारशी कुणाच्या ध्यानात आली नाही. कलाम ज्यांना आपले गुरू मानत, ते विक्रम साराभाई हे या प्रतिस्पर्धी बाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. नृत्यांगना मृणालिनी साराभाई ती बहीण. पण असो. त्या महिन्यात कितीतरी घरांत वर्तमानपत्र वाचता वाचता एक प्रश्न विचारला गेला असेल: नेताजींच्या फौजेतल्या कॅप्टन लक्ष्मी त्या ह्याच? त्या अजून आहेत?

कानपुरात हा प्रश्न कुणाला पडला नसता. तिथं त्या दवाखान्यात भेटायच्या.

शाळेच्या पुस्तकात कॅप्टन लक्ष्मींचं एक छायाचित्र असतं. लष्करी गणवेशातले सुभाषबाबू स्त्री-सैनिकांच्या रांगेची पाहणी करताहेत आणि बाजूनं टोपी घातलेली, ताठ मानेची एक तरुणी चालते आहे. चित्राखाली दोन ओळी: झाशीची राणी रेजिमेंट, १९४३. पुढच्या पानावर १९४५ साल येतं, युद्ध संपतं आणि पुस्तकातली कॅप्टनही संपते. प्रत्यक्षात त्यानंतर त्या सदुसष्ट वर्षं जगल्या. गणवेशाचे दिवस म्हणाल तर तीनही भरणार नाहीत. बाकीचा सगळा काळ बाळंतपणं करण्यात, ताप-खोकला पाहण्यात आणि जिथं माणसं अडचणीत असतील तिथं औषधांची पेटी घेऊन जाण्यात गेला. कानपूरनं जीव लावला तो या बाईंना.

त्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९१४ चा, मद्रासचा. वडील एस. स्वामिनाथन हे उच्च न्यायालयातले नावाजलेले फौजदारी वकील. आई अम्मू स्वामिनाथन काँग्रेसच्या कार्यकर्त्या, पुढे घटना समितीच्या सभासद. घरात इंग्रजी शिस्त आणि दारात चळवळ, असं ते घर. आजोळ मात्र केरळातलं, जुन्या वळणाचं. आजीच्या घराभोवती डोंगर आणि जंगल. तिथून आदिवासींच्या हाका ऐकू यायच्या. त्यांची सावलीसुद्धा विटाळ करते, असं आजीचं म्हणणं. छोट्या लक्ष्मीनं एके दिवशी सरळ जाऊन तिथल्या एका मुलीचा हात धरला आणि तिला खेळायला घेऊन आली. आजीचा संताप झाला. नातही तितकीच संतापली. शेवटी जिंकली ती नातच. पुढं कॅप्टन झाल्यावर त्यांनी धैर्याची पुष्कळ कामं केली, पण हात धरण्याचं हे पहिलं काम बहुधा सगळ्यांत अवघड असावं. परक्या सत्तेपुढं उभं राहणं एक वेळ सोपं, आजीपुढं नव्हे.

डॉक्टर व्हायचं ते गरीब बायकांसाठी, हे त्यांनी कॉलेजात जातानाच ठरवलं होतं. १९३८ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजातून त्या एम.बी.बी.एस. झाल्या. पाठोपाठ प्रसूती आणि स्त्रीरोगशास्त्राची पदविका घेतली. आज मुली सर्रास या शाखेत जातात. त्या काळी एखाद्या गावात बाई डॉक्टर असणं हीच बातमी असे, आणि डॉक्टर पुरुष आहे एवढ्याच कारणानं अडलेली बाळंतीण दवाखान्याची पायरी न चढता जात असे. याच सुमारास सरोजिनी नायडूंच्या भगिनी सुहासिनी नंबियार यांच्याशी त्यांची ओळख झाली. त्या कम्युनिस्ट विचारांच्या. राजकारण म्हणजे फक्त इंग्रजांना घालवणं नव्हे, ही गोष्ट लक्ष्मींच्या मनात रुजली ती या ओळखीतून.

पहिलं लग्न टिकलं नाही. १९४० मध्ये त्या सिंगापूरला गेल्या आणि दवाखाना थाटला. रुग्ण कोण, तर हिंदुस्थानातून तिकडं नेलेले मजूर आणि त्यांच्या बायका. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं, तेव्हा त्यांनी जखमी युद्धकैद्यांची शुश्रूषा केली. जुलै १९४३ मध्ये सुभाषबाबू तिथं पोचले. बायकांची स्वतंत्र पलटण उभारायची आणि तिला झाशीच्या राणीचं नाव द्यायचं, हा त्यांचा मनसुबा. तिचं नेतृत्व कराल का, असं त्यांनी या अठ्ठावीस वर्षांच्या डॉक्टरला विचारलं. लक्ष्मींनी होकार दिला आणि चालता दवाखाना मागं ठेवून त्या कामाला लागल्या.

या पलटणीत कोण आलं ते पाहण्यासारखं आहे. काही मुली सुखवस्तू घरांतल्या होत्या. पण पुष्कळ जणी मलायातल्या रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या तमिळ मजुरांच्या घरच्या. ज्या देशासाठी बंदूक उचलायची तो त्यांच्यातल्या कित्येकींनी डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. पहाटे उठून कवायत, बंदुकीचा सराव, आणि शिवाय शुश्रूषेचं शिक्षण. जिला आजवर मळ्यावरच्या मुकादमापुढं मान वर करायची सोय नव्हती, तिला आता ताठ उभं राहायला शिकवलं जात होतं. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी आझाद हिंद सरकार स्थापन झालं आणि डॉक्टर लक्ष्मी स्वामिनाथन या त्यातल्या एकमेव स्त्री मंत्री झाल्या. पुढची कथा सर्वांना माहीत आहे. इंफाळची चढाई फसली, ब्रह्मदेशातून माघार घ्यावी लागली, १९४५ च्या मे महिन्यात त्या इंग्रजांच्या हाती लागल्या आणि मार्च १९४६ मध्ये त्यांना हिंदुस्थानात आणलं गेलं.

तोवर लाल किल्ल्यातला खटला होऊन गेला होता. कर्नल प्रेमकुमार सेहगल, शाहनवाज खान आणि गुरबक्षसिंग धिल्लाँ: एक हिंदू, एक मुसलमान, एक शीख. इंग्रजांनी तिघांना एकत्र आरोपी केलं आणि सगळा देश एकत्र करून ठेवला. मार्च १९४७ मध्ये यांपैकी प्रेमकुमार सेहगल यांच्याशी लक्ष्मींचा विवाह लाहोरला झाला. पाच महिन्यांत लाहोर परदेश झालं.

ज्यांच्या नावानं देशभर घोषणा झाल्या होत्या, त्या आझाद हिंद सैनिकांना स्वतंत्र भारताच्या सैन्यात मात्र परत घेतलं गेलं नाही. प्रेम सेहगल यांनी कानपूरला कापडगिरणीत नोकरी धरली आणि जोडपं तिथं राहायला गेलं. आपल्याकडच्या वाचकांना एक गोष्ट इथं आठवेल. कानपूरपासून वीसेक किलोमीटरवर गंगेकाठी बिठूर आहे. दुसऱ्या बाजीरावाला पुण्याहून हलवून इंग्रजांनी तिथं ठेवलं होतं. मोरोपंत तांब्यांची मनू, म्हणजे पुढं झाशीची राणी, याच बिठूरला नानासाहेबांच्या संगतीत लहानाची मोठी झाली. तिच्या नावाची पलटण सिंगापुरात उभी करणारी मद्रासची मुलगी संसार मांडायला आली ती नेमकी त्या गावाच्या शेजारी. योगायोगच, पण मराठी मनाला सुखावणारा.

कानपूर तेव्हा गिरण्यांचं शहर होतं. भोंग्यावर चालणारं, धुरानं काळवंडलेलं. गिरणीच्या भोवती अंधाऱ्या खोल्यांच्या वस्त्या. त्यात १९४७ चे निर्वासित येऊन थडकले होते. काहींची सारी मिळकत एका बोचक्यात, तर काहींचं माणूसच वाटेत राहिलेलं. डॉक्टर लक्ष्मींनी पुन्हा दवाखाना उघडला तो या माणसांत. फाळणीच्या त्या दिवसांत कोणाच्या हातचं औषध कोण घेईल याचीही शाश्वती नव्हती. पण त्यांच्याकडं हिंदूही येत आणि मुसलमानही. येत राहिले. त्यांचा विश्वास एका दिवसात मिळाला नसणार, हे सांगायला नको. बाळंतपण ही अशी गोष्ट आहे की तिथं घरातली बाई डॉक्टरच्या स्वाधीन करावी लागते. भाषण ऐकून कुणी ती करत नाही.

स्वातंत्र्याच्या वेळी या देशात माणसाचं सरासरी आयुष्य तिशीच्या जरा वर होतं. याचं मोठं कारण म्हणजे पाळण्यातच दगावणारी मुलं आणि बाळंतपणात जाणाऱ्या आया. नाळ कापायला मिळेल ते पातं, त्यातून बाळाला धनुर्वात. बाईच्या अंगात मुळात रक्त नाही, त्यात एकामागून एक बाळंतपणं. तिला ताप आला तरी नवऱ्याची पाळी संपेपर्यंत दवाखान्यात न्यायला कुणी नाही. असल्या दुखण्यांवर जालीम उपाय नसतो. पोट तपासायचं, लोहाच्या गोळ्या द्यायच्या, चार गोष्टी समजावून सांगायच्या, पुढच्या महिन्यात पुन्हा बोलवायचं. यात छायाचित्र काढण्याजोगं काही नाही. लक्ष्मी सेहगल यांनी हे काम पन्नासांहून जास्त वर्षं केलं. त्यांच्या हातांवर जन्मलेल्या मुली मोठ्या होऊन आपल्या बाळंतपणासाठी त्यांच्याकडंच आल्या, यात नवल ते काय.

दोन मुलींची आई, घरचा व्याप, दवाखाना, असं वीस-बावीस वर्षं चाललं. मग १९७१ साल उजाडलं. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे बंगालमध्ये येऊ लागले. डॉक्टर हवे आहेत, असं आवाहन ज्योती बसूंनी केलं. लक्ष्मी सेहगल छप्पन्न वर्षांच्या होत्या. कपडे आणि औषधं घेऊन त्या सरहद्दीवरच्या बनगावला गेल्या आणि पाच आठवडे तिथं राबल्या. परतल्यावर त्यांनी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचं सभासदत्व मागितलं. ज्या वयात माणसं निवृत्तीचा हिशेब मांडतात त्या वयात त्यांनी नवा पक्ष धरला. दहा वर्षांनी, १९८१ मध्ये, अखिल भारतीय जनवादी महिला संघटना स्थापन झाली तेव्हा संस्थापकांत त्या होत्या. त्यांचं राजकारण पुष्कळांना पटत नसे. कन्या सुभाषिनी अली १९८९ मध्ये कानपुरातून लोकसभेवर निवडून गेल्या, पण एरवी तिथं या पक्षाचं बळ बेताचंच. दवाखान्यात मात्र पक्ष विचारला जात नसे. दोन्ही बाजूंनी.

आणि मग १९८४.

३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली. दिल्लीत शिखांच्या कत्तली सुरू झाल्या. दिल्लीबाहेर ज्या शहरांत शिखांवर मोठा घाला पडला त्यांत कानपूर होतं. एका आठवड्यापूर्वीच लक्ष्मीबाईंनी सत्तरी गाठली होती. दवाखान्याच्या आसपास दाट वस्ती, त्यात शिखांची घरं आणि दुकानं. जमाव निघाले तेव्हा त्या रस्त्यावर उतरल्या आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. त्या भागातल्या एकाही शिखाला, एकाही दुकानाला त्यांनी धक्का लागू दिला नाही.

या एका वाक्यापाशी थोडं थांबायला हवं. हातात काठी नाही, पाठीशी पलटण नाही. चिडलेला जमाव कुणाचं वय पाहत नाही, हे आपण पुढंही अनेकदा पाहिलं. मग तो मागं का फिरला? एकेकाळची कॅप्टन समोर आहे म्हणून? सिंगापूरची कवायत त्या जमावातल्या किती जणांना ठाऊक होती कोण जाणे. शक्यता अशी आहे की समोर उभी असलेली बाई त्यांना दुसऱ्याच नात्यानं ठाऊक होती. तिनं कुणाच्या आईचं बाळंतपण केलं होतं, कुणाच्या बहिणीला औषध दिलं होतं, आणि उद्या बायकोला घेऊन तिच्याकडंच जायचं होतं. तीस-पस्तीस वर्षं दवाखान्यात जे थेंबाथेंबानं साठलं होतं, ते त्या दिवशी एकदम कामी आलं असावं. ज्या फौजेत त्या लढल्या तिच्यात शीख थोडेथोडके नव्हते, आणि नवऱ्याबरोबर लाल किल्ल्यात उभे राहिलेले धिल्लाँ शीखच. त्यांच्यापुरता हा प्रश्न घरचाच होता.

या गोष्टीला पाच आठवडेही झाले नसतील, तोच २ डिसेंबरच्या रात्री भोपाळला विषारी वायू सुटला. सत्तर वर्षांच्या डॉक्टर वैद्यकीय पथक घेऊन तिकडं निघाल्या. वर्तमानपत्रांचं लक्ष त्या वेळी मृतांच्या आकड्यांकडं आणि आंधळ्या झालेल्या डोळ्यांकडं होतं. प्रसूतिशास्त्राचा हा अनुभवी डोळा वायूनं पोळलेल्या गर्भार बायकांवर गेला. त्यांच्यावर दूरवरचे काय परिणाम झाले याचा अहवाल त्यांनी काही वर्षांनी लिहिला. कारण अशा वेळी मेलेल्यांची मोजणी होते, जगलेल्यांची होते, पण जे मूल अजून जन्मायचं आहे ते कुठल्याच यादीत नसतं.

१९९२ मध्ये प्रेम सेहगल गेले. बाईंचा दवाखाना चालू राहिला. १९९६ मध्ये बंगळूरला विश्वसुंदरी स्पर्धा भरली, तिच्याविरुद्धच्या निदर्शनांत ब्याऐंशी वर्षांच्या लक्ष्मी सेहगल होत्या आणि पोलिसांनी त्यांना अटक केली. इंग्रजांनी पकडलं त्याला तेव्हा एक्कावन्न वर्षं होऊन गेली होती. त्यांच्या आठवणींचं इंग्रजी पुस्तक १९९७ मध्ये निघालं. १९९८ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते पद्मविभूषण मिळालं. चार वर्षांनी त्याच राष्ट्रपती भवनासाठी त्या उमेदवार झाल्या आणि हरल्या.

हरल्या आणि कानपूरला परत गेल्या. मोठ्या निवडणुकीत पडलेली माणसं पुढं काय करतात, हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. कुणी आत्मचरित्र लिहितं, कुणी रुसून बसतं. इथं रुसायला वेळच नव्हता, कारण बाकावर बायका बसलेल्या होत्या. २००६ मध्येही त्या रुग्णांना तपासत होत्या. त्या वर्षी त्यांनी ब्याण्णवी गाठली. त्या वयाच्या आजीबाई आपल्या घरात असतील तर आपण त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही.

लोकांच्या तोंडी नाव कायम राहिलं ते ‘कॅप्टन’. खरं तर आयुष्यातल्या सर्वांत जास्त वर्षांचा हिशेब धरला तर ‘डॉक्टर’ म्हणायला हवं होतं. पण नावाचं असंच असतं, ते माणसाला एकदा चिकटलं की सुटत नाही. आणि एका अर्थी ते चुकीचंही नव्हतं. सिंगापूरच्या मैदानावर रबराच्या मळ्यातल्या मुलीला ताठ उभी करणं आणि कानपूरच्या खोलीत गिरणी कामगाराच्या बायकोला तिच्याच शरीराची माहिती देणं, या दोन कामांत लक्ष्मीबाईंना फारसा फरक दिसत नसावा.

१९ जुलै २०१२ रोजी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. २३ जुलैला सकाळी, कानपुरातच, त्यांचं निधन झालं. वय सत्त्याण्णव. चितेची तयारी झाली नाही, कारण देहदानाचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता. देह गणेश शंकर विद्यार्थी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला. हे विद्यार्थी कानपूरचेच पत्रकार. मार्च १९३१ च्या दंगलीत हिंदू आणि मुसलमान अशा दोघांनाही वाचवत ते गल्लीबोळांतून फिरले आणि त्यातच मारले गेले. त्यांच्या नावाच्या महाविद्यालयात शरीररचना शिकायला आलेल्या मुलामुलींच्या हाती डॉक्टर लक्ष्मी सोपवल्या गेल्या.